साडेसात फुटांचे खांब

आमचा नारायण पेठेतला वाडा तीन वर्षांपूर्वी उतरवला. पाडला असे मी म्हणत नाही. कारण जुन्या वाड्यांचे काम घेणारे ठेकेदार भिंती पाडतात, पण सागवान मात्र झाडावरचे आंबे उतरवावेत तसे हलक्या हाताने उतरवून घेतात. मातीला भाव नाही, लाकडाला आहे. भाऊबंदांच्या वाटणीत माझ्या वाट्याला थोडी रक्कम आली आणि तिच्याबरोबर ओसरीवरचे चार खांब आले. आले म्हणजे मी ते मागून घेतले. बाकी कोणाला ते नकोच होते, आणि त्यांचेही बरोबर होते. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये माणसाने खांब उभे करायचे कुठे?

वाईजवळच्या एका खेड्यात माझ्या आजोळची तीन गुंठे जागा होती. तिथे घर बांधायचे बेत मी नोकरीत असल्यापासून करीत आलो होतो. खांब हाती आल्यावर बेताला निकड आली. घर कसे असावे याबद्दल माझ्या मनात काही शंका नव्हती. मध्ये चौक, चौकाभोवती ओसरी, ओसरीला ते चार सुरूदार खांब, खाली काळ्या दगडाचे तळखडे, वर तुळया आणि कडीपाट. कागदावर नकाशा काढून मी तो गावच्या मिस्त्रींच्या हाती दिला. त्यांनी तो उलटा धरून, मग सुलटा धरून पाहिला, गोठ्यात ठेवलेल्या खांबांना टेप लावला आणि म्हणाले, “काका, ह्ये खांब साडेसात फुटी हायती. स्लॅब धा फुटांवर येनार. मधल्या अडीच फुटांत काय ठिवू?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्याला घर बांधायचे असते तो अशा वेळी इंजिनिअरकडे जातो. मला इतिहास वाचण्याची खोड असल्यामुळे मी निराळाच प्रश्न घेऊन पुण्यास परतलो: मुळात हे खांब साडेसातच फुटांचे का केले? त्या प्रश्नापायी घराचे काम चांगले वर्षभर लांबले. सौभाग्यवतींचे त्याबद्दलचे मत इथे नोंदवीत नाही.

आमच्या वाड्याचे वर्णन वडील ‘पाच खणी’ असे करीत. खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर, साधारण पाच-सहा फुटांचे. आज आपण घर चौरस फुटांत मोजतो, म्हणजे जमिनीने मोजतो; त्या काळी खणांत मोजीत, म्हणजे लाकडाने मोजीत. खांबाच्या डोक्यावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट आणि पाटांवर मातीचा थर अशी ती रचना. माती जड. ती वर्षानुवर्षे पेलायची तर कडीची लांबी बेताचीच ठेवावी लागते. लांब कडी मधोमध झोल खाते. म्हणून खांब जवळजवळ येतात. वाड्याच्या दिवाणखान्यात शिरल्यावर खांबांची जी रांग पाहून आपण दिपतो, ती कोणा रसिक धन्याच्या डोक्यातून निघाली नसून मातीच्या वजनातून निघाली आहे. धन्याने एवढेच केले, की खांब उभे करणे भागच आहे ना, मग ते सुरूच्या झाडासारखे निमुळते कोरून घेऊ, आणि वरच्या हस्ताला केळफूल लोंबते ठेवू.

तळखड्याचेही तेच. लाकूड जमिनीला टेकले की ओल आणि वाळवी दोन्ही चढतात, म्हणून खाली दगड. दगड डोळ्यांसमोरच राहणार म्हणून त्याला घाट. हल्ली पुण्याबाहेरच्या फार्महाऊसांच्या हिरवळीवर असे तळखडे मांडून ठेवलेले दिसतात आणि त्यांवर कुंड्या ठेवलेल्या असतात. मला त्याचा राग येत नाही. पण घोड्याविना टांगा पाहावा तसे काहीसे वाटते.

उंचीचा उलगडा मात्र कोणत्या पुस्तकात झाला नाही. माझा तर्क सांगतो. जंगलातून बैलगाडीवर आलेल्या सागाच्या फुटाफुटाला किंमत पडे आणि मातीत रचलेली भिंत जितकी उंच तितकी धोक्याची, ही दोन कारणे तर झालीच. तिसरे मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्या घरांतली माणसे जमिनीवर बसत. जेवण पाटावर, हिशेब गादीवर, निजणे घोंगडीवर. खाली बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर असतो. त्याला साडेसात फुटांवरचे छत ठेंगणे वाटत नाही. खुर्ची घरात आली आणि छत वर गेले. आजच्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या खोलीची उंची २.७५ मीटरपेक्षा, म्हणजे नऊ फुटांपेक्षा कमी नसावी. माझे खांब ज्या बैठकीसाठी केले होते ती बैठकच उठून गेली होती.

पुण्यात घरांचा इतिहास शोधू लागले की माणूस शेवटी शनिवारवाड्याच्या दारात येऊन उभा राहतो. मीही राहिलो. १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, थोरल्या बाजीरावांनी त्याची पायाभरणी केली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी, तोही शनिवारच, वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये. पालखेडावर निजामाला कोंडीत धरून दोनच वर्षे झाली होती. इतक्या मोठ्या विजयानंतर बांधलेले घर म्हणून हा आकडा पाहिला तर तो मोठा वाटत नाही. पण घर बांधणारा गृहस्थ कर्जात किती बुडालेला होता हे ठाऊक असले म्हणजे तो लहानही वाटत नाही. धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना बाजीरावांनी लिहिलेली पत्रे छापून निघालेली आहेत. त्यांत सावकारांच्या तगाद्याने गांजलेला एक माणूस दिसतो, ज्याच्या घोड्याच्या टापांनी दिल्ली हादरायची होती. घर बांधून कर्जात पडलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. आधीच कर्जात असून घर बांधणारे हे त्यांतले थोर उदाहरण. आणि बाजीरावांना ते घर लाभले ते केवळ आठ वर्षे, तीही बहुतेक घोड्यावर. १७४० च्या एप्रिलात ते नर्मदाकाठी रावेरखेडी येथे वारले.

या वाड्याविषयी दोन कथा पुण्यात सांगतात. पहिली अशी, की बाजीरावांना सगळा वाडा दगडी हवा होता. पहिला मजला झाला, तोच साताऱ्यास कागाळी गेली, की दगडी वाडा बांधणे हा छत्रपतींचा मान, तो पेशव्यांनी कसा घेतला? तेव्हा महाराजांची आज्ञा आली आणि वरचे काम विटांत झाले. दुसरी अशी, की वाड्याचे मुख्य दार उत्तरेस, दिल्लीच्या रोखाने होते. शाहू महाराजांचे बालपण मोगलांच्या कैदेत गेलेले असले तरी बादशहाशी उघड बेअदबी त्यांना मान्य नव्हती. म्हणून तटाचे नि दरवाजाचे काम त्यांनी थांबवले, आणि १७४९ च्या डिसेंबरात महाराज वारल्यावर नानासाहेबांनी ते पुरे केले.

दुसरी कथा मला पटते. घराचे दार कोणत्या दिशेला असावे यावर वरिष्ठांचे मत येणे ही गोष्ट कोणत्याही काळात अशक्य नाही. पहिलीविषयी मात्र माझे मन साशंक आहे. शनिवारवाड्यासमोर उभे राहून तटाकडे पाहा. खाली दगड आहे, वर वीट आहे. हा तट तर महाराजांच्या मागे पुरा झाला असे दुसरी कथाच सांगते. मग आता कोणाचे भय उरले होते? नानासाहेबांनी तो शेंड्यापर्यंत दगडी का केला नाही? कारण उघड आहे. देशावरच्या साध्यासुध्या घरांतही जोते दगडाचे आणि वरची भिंत विटांची किंवा मातीची असते. दगड ओलीला दाद देत नाही म्हणून तो खाली; वीट हलकी आणि स्वस्त, भराभर चढते, म्हणून ती वर. जी गोष्ट पैशाने, वजनाने आणि गवंड्याच्या अनुभवाने ठरते, ती पुढे सांगताना आपण राजाज्ञेने ठरली असे सांगतो. त्यात घरमालकाची अब्रू राहते. ‘मला संगमरवरच हवा होता, पण बायकोला थंड फरशी सोसत नाही,’ असे सांगणारे एक स्नेही माझ्या परिचयाचे आहेत. त्यांचे बजेट मला ठाऊक आहे.

पुढे त्या वाड्याचे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग सात दिवस धुमसत होती. सागाचे सुरूदार खांब, नक्षीची छते, चित्रे, जे काही हौसेने केले होते ते सारे गेले. राहिले काय? जोती, तट, दरवाजे आणि कारंजाचा हौद. शाहू महाराजांनी ज्याला अडवले ते उभे आहे आणि ज्याला परवानगी दिली त्याची राख झाली.

दुसऱ्या बाजीरावाने १८०७ च्या सुमारास विश्रामबागवाडा बांधला, त्याला दोन लाख रुपये लागले म्हणतात. पाऊणशे वर्षांत रुपयाची किंमत बदलली होती हे धरूनही हा आकडा बोलका आहे. त्या वाड्याच्या दर्शनी भागाचे लाकूडकाम आजही पाहत राहावे असे आहे, आणि मी तिथून जाताना अजूनही थांबतो. पण हे बांधले तेव्हा यशवंतराव होळकराने पुणे जिंकून पेशव्याला पळवून लावल्याला फार वर्षे झाली नव्हती आणि पेशवाई उरली होती ती इंग्रजांच्या फौजेच्या आधाराने. मालकाचा हात धरणारे घरात कोणी नव्हते. तीन वर्षांत त्या वाड्यात इंग्रजांच्या आश्रयाने संस्कृत पाठशाळा भरू लागली, म्हणजे पेशवाई बुडाल्यावर, १८२१ साली.

असो. पेशव्यांची गोष्ट मोठ्यांची झाली. माझे खांब सामान्य घरातले, आणि सामान्य घराचा इतिहास निराळ्या ठिकाणी शोधावा लागतो. सोलापुराकडे, मराठवाड्यात पाऊस कमी आणि पांढरी माती मुबलक, म्हणून तिथे माळवद. मावळात आणि कोकणात पाऊस कोसळतो, म्हणून उतरते छप्पर आणि कुंभाराची नळीची कौले. ही कौले माकडांनी नि वाऱ्याने सरकत, दर वैशाखात ती चाळून घ्यावी लागत. मग १८५८ साली पुण्यास आगगाडी आली, आणि १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. मंगळुरी कौल एकात एक अडकणारे, त्याला वासे कमी लागतात आणि दरसालची चाळणी वाचते. लोकांनी नळीची कौले उतरवली आणि ही चढवली, ती काही सौंदर्यदृष्टीने नव्हे. त्या वेळच्या जुन्या माणसांना ती कारखान्याची लाल कौले खचितच ओंगळ वाटली असतील. आज मी मिस्त्रींना म्हणालो, “घर आपल्या जुन्या पद्धतीचे हवे, वर मंगळुरी कौले घाला.” शहाबादी फरशीचीही हीच कथा. ती रेल्वेने आली, शेणाने सारवलेली जमीन गेली, आणि आता गुळगुळीत टाइल्सना कंटाळलेली माणसे शहाबादीसाठी हळहळतात. आजोबांनी परवडते म्हणून घेतले ते नातवाला आवडते म्हणून हवे असते.

इथवर माझे संशोधन मोठ्या सुखात चालले होते. एके दिवशी घरी जेवताना मी हे सगळे रंगवून सांगत होतो; तुळया, कड्या, केळफुले. सौभाग्यवतींनी ऐकून घेतले आणि विचारले, “आणि सासूबाईंचे स्वयंपाकघर? तिथे किती खांब होते?”

तिथे एकही नव्हता. मला ते आठवायला थोडा वेळ लागला, याची मला लाज वाटली.

आमच्या वाड्याचे स्वयंपाकघर माजघराच्या मागे, शेजारच्या वाड्याशी सामाईक असलेल्या भिंतीला लागून होते. खिडकी नव्हती. पेठेतले वाडे एकमेकांना खेटून. बाहेरच्या भिंतीला भोके पाडायची नाहीत, कारण १७६३ साली निजामाने आणि १८०२ साली होळकराने शहर लुटले त्याच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या भिंतीत मुरलेल्या. उजेड आणि वारा घ्यायचा तो चौकातून. चौकातून तो ओसरीवर येई, ओसरीवरून माजघरात थोडा पाझरे, आणि स्वयंपाकघरात पोचेपर्यंत संपून जाई. वाड्याच्या रचनेतली सारी हौस पुढच्या अंगाला होती आणि सारी अडचण मागच्या अंगाला. पुढे पुरुष बसत. दिवाणखान्यातल्या नक्षीवर लिहिणाऱ्या आम्हा मंडळींनी हे क्वचितच लिहिले आहे. आईचे डोळे बारमास लाल असत आणि लहानपणी मला वाटे, सगळ्यांच्या आयांचे तसेच असतात.

१२ जुलै १९६१. त्या दिवशी बुधवार होता आणि मी सात वर्षांचा होतो. सकाळी पानशेतचे धरण फुटले, मागोमाग खडकवासल्याचे गेले. मुठेचे पाणी पेठांत शिरले तेव्हा आम्ही पर्वतीच्या बाजूला एका नातलगांकडे पोचलो होतो. दुसऱ्या दिवशी वडिलांचा हात धरून चिखलातून वाड्यावर आलो. पुढचा भाग उभा होता. ओसरीचे खांब छातीपर्यंत चिखलाने माखलेले, पण जागच्या जागी. मागची भिंत मात्र बसली होती. मातीत रचलेल्या विटा दीडशे वर्षे कोरड्या उभ्या राहतात आणि एका दिवसाच्या पाण्यात विरघळतात. वडील काही न बोलता त्या ढिगाकडे पाहत राहिले. आई मागून आली. चुलीच्या जागी गाळ होता, फडताळ आडवे झाले होते, पितळी डबे वाहून गेले होते. ती क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, “चला, एकदाचा उजेड तरी आला इथे.”

वडिलांना ते लागले असावे. ते तिच्याकडे वळून पाहायला लागले, पण बोलले नाहीत.

दुरुस्तीला वडिलांपाशी पैसा नव्हता. वाड्यात सहा बिऱ्हाडे होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते त्यालाच प्रमाण भाडे ठरवले होते. त्या भाड्यात कौले चाळण्याचाही खर्च निघत नसे. भाडेकरूंना दोष देण्यात अर्थ नाही, तेही आमच्यासारखेच गाळ उपसत होते. सिमेंट नियंत्रित होते. अर्ज करायचा, वाट पाहायची आणि मिळतील तेवढी पोती घ्यायची. वडिलांना पोती मिळाली ती मागितली त्याहून पुष्कळ कमी. त्यांची मोठी इच्छा होती की ओसरीचा पुढचा भाग पक्का करून घ्यावा, खांबांखालची जमीन खचली होती ती सिमेंटने भरून काढावी. तीच घराची शोभा, आणि आल्यागेल्याला तीच दिसे. गवंडी विचारायला आला तेव्हा त्यांनी मागच्या भिंतीकडे बोट केले. शेजारच्यांची भिंतही पडलीच होती. दोघांनी मिळून मधे तीन फुटांची बोळकंडी सोडली, आणि स्वयंपाकघराला खिडकी झाली. वर काँक्रीटचे लिंटल, खाली गुडघ्याएवढा ओटा. सगळी पोती तिथेच संपली. ओसरीच्या खांबांखाली मातीच ठोकून बसवली.

त्या मातीमुळे खांब तिरपे झाले. माझ्या लहानपणी आम्ही त्यांना ‘दमलेले खांब’ म्हणत असू. पण ते सिमेंटात गाडले गेले नाहीत म्हणूनच साठ वर्षांनी धड निघाले.

हे सारे आठवल्यावर मी वाईला गेलो तो नकाशा खिशातून न काढता. कामाला जाता-येता मेणवलीस दोन-तीनदा जाऊन आलो. नाना फडणीसांना हे गाव १७६८ साली इनाम मिळाले आणि कृष्णाकाठी त्यांनी वाडा नि घाट बांधला. एकापुढे एक असे सहा चौक, भिंतींवर चित्रे, आणि घाटावरच्या छोट्या देवळात वसईहून आणलेली पोर्तुगीजांची घंटा. पुण्यातले कितीतरी सरदारी वाडे आगींनी आणि जागेच्या भावाने गिळले. खेड्यात जागेला भाव नव्हता म्हणून हा राहिला. मी तिथे चित्रांपुढे फार रेंगाळलो नाही. नाना हिशेबाचे माणूस. सहा चौक त्यांना शोभले, आणि प्रत्येक खोलीला उजेड मिळाला असेल. तीन गुंठ्यांत एक चौक काढला तर भोवती खोल्या नव्हे, बोळ उरतात, हे मला तिथेच उमगले. चौक सोडला. सोडताना वाईट वाटले, ते अजूनही वाटते.

मग मापांना बसलो. नवा आराखडा तेहतीस फूट बाय चोवीस फुटांचा झाला. गावच्या गुरुजींनी आय काढला. लांबी-रुंदीचा गुणाकार करायचा, आठाने भागायचे. बाकी विषम उरली तर शुभ, सम उरली तर अशुभ. गुणाकार सातशे ब्याण्णव, बाकी शून्य. म्हणजे आठवा आय, ध्वांक्ष, कावळा. गुरुजींचा चेहरा पडला. मिस्त्री म्हणाले, “रुंदी येक फूट कमी करा की.” तेहतीस गुणिले तेवीस, सातशे एकोणसाठ, बाकी सात, गज आय, उत्तम. शिवाय तेवढ्या विटा वाचल्या. शास्त्राला आणि पिशवीला एकाच वेळी मान्य होणारे उत्तर मिस्त्रींना तोंडपाठ असावे असा मला संशय आहे. तो वाचलेला पैसा स्वयंपाकघराच्या खिडकीला गेला. ती पूर्वेला आहे, चार फूट रुंद, आणि ओटा सौभाग्यवतींच्या कोपराच्या मापाने बांधला आहे. “खांब तुमचे, ओटा माझा,” असा तह झाला होता आणि त्यात मी एका कलमाचीही मागणी वाढवली नाही.

राहिले साडेसात फूट. त्याचे उत्तर शेवटी इतिहासाने दिले नाही, मिस्त्रींनीच दिले. घर दहा फुटांचे होऊ द्यायचे, स्लॅबचे. त्याच्या पुढे निराळी पडवी काढायची. तिचे छप्पर घराच्या भिंतीला नऊ फुटांवर टेकवून पुढे उतरते आणायचे, आणि जिथे ते खाली येते तिथे खांब. म्हणजे तुळई बरोबर साडेसात फुटांवर. “वजन बी घेत्याल,” ते म्हणाले, “नुसतं शोभंला उभं ऱ्हानार न्हाईत.” माझ्या मनातले त्यांना कसे कळले कोण जाणे. मला खांब भिंतीला चिकटवून ठेवायचे नव्हते. वजन न घेणारा खांब मला पेन्शनरासारखा वाटतो. आणि पेन्शनर मी स्वतः आहेच.

तळखड्यांपैकी दोन उतरवताना हरवले होते. वाईच्या एका पाथरवटाने तसेच दोन घडवून दिले. नवे कोणते हे आता मलाही चटकन सांगता येत नाही. खांब उभे करायच्या दिवशी मिस्त्रींनी एकेकावर हातोडीने टकटक केली. तीन खणखणीत वाजले. चौथा बद्द वाजला. बुडाशी छिन्नी लावली तर आत पोकळी. वाळवीने वरची नक्षी तेवढी शाबूत ठेवून गाभा खाल्लेला. साठ वर्षे मातीत उभा होता त्याची ही किंमत.

“सिमेंटचा वतून देतो,” मिस्त्री म्हणाले. “साचा हाय. रंग दिला की कुनाला कळनार न्हाई.”

मी एक रात्र मागून घेतली. सकाळी सांगितले, तसा नको. बाभळीचा एक सरळ सोट आणला, तासून चौकोनी केला, तेल पाजले आणि चौथ्या तळखड्यावर उभा केला. त्यावर नक्षी नाही. पाहुणे येतात ते पडवीत पाय ठेवताच आधी त्याच्याबद्दलच विचारतात, आणि तीन कोरीव खांबांची माहिती सांगायची माझी संधी हुकते.

कोरीव खांबांना मी कोणाला खिळा मारू देत नाही. बाभळीच्या खांबाला सौभाग्यवतींनी कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहे. तिचे दुसरे टोक स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला आहे.